जिना नसलेलं घर

शिरोलीच्या फाउंड्रीत नोकरी करता करता माझ्या नवऱ्यानं घर बांधायला काढलं. वरच्या दोन खोल्या झाल्या आणि कंत्राटदाराला दुसरीकडं मोठं काम मिळालं. जिना न बांधताच तो गेला, पुन्हा फिरकला नाही. ह्यांनी करार मोडल्याचा दावा लावला. दीड वर्षात हेच गेले, आणि वारस म्हणून दाव्यात माझं नाव लागलं. मुलगा पुण्यात नोकरीला. मी शाळेत शिकवून यायचे आणि खालच्या मजल्यावर एकटी राहायचे. वरच्या खोल्या मी पाहिल्याच नव्हत्या. शिडीची भीती वाटायची. हे म्हणायचे, ‘जिना होऊ दे, मग ये.’

सहाव्या वर्षी कोर्टानं पाहणीसाठी एका वकिलांना कमिशनर नेमलं. ते टेप घेऊन आले. कंत्राटदारही आला, केस पार पिकले होते त्याचे.

“बाई, तुम्ही खालीच थांबा,” कमिशनर म्हणाले.

मी पदर खोचला आणि चढले. खाली कंत्राटदारानं शिडी धरली होती.

वर सगळीकडं पारव्यांची घाण. पूर्वेच्या खिडकीखाली मात्र लाल कोब्याचा गुळगुळीत कट्टा होता. कमिशनर तो नकाशात शोधू लागले.

“करारात न्हाय त्यो,” मागून वर आलेला कंत्राटदार म्हणाला. “सायबांनी सांगितलं हुतं. रिटायर झाल्यावर दोघं हितं बसून च्या पिणार म्हणालं. बाईंना आत्ताच सांगू नका म्हणालं.”

मी खिडकीकडं तोंड केलं. कमिशनरांनी कट्ट्याचंही माप लिहून घेतलं.

“साक्षीत कट्ट्याचं काढू नका, कराराबाहेरचं काम करून घेतलं म्हणून ते आपल्यावरच उलटवतील,” असं माझ्या वकिलांनी बजावलं होतं. पण समोरच्या वकिलानं विचारलं, आणि मी होतं ते सांगितलं. माझे वकील चिडले. तरी निकाल माझ्या बाजूनं लागला. कोर्टाबाहेर कंत्राटदार हात जोडून म्हणाला, “जिना मीच बांधतो, बाई.” मी बरं म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यानं तो बांधलाही.

निकालादिवशी मी एसटीडी बूथवरून मुलाला फोन लावला.

“छान झालं, आई. गडबडीत आहे, नंतर बोलू.”

बसमध्ये शेजारी एक अनोळखी बाई होत्या. मी त्यांना म्हटलं, “आज मी केस जिंकले.”

“व्हय? मग घरात समदी खूश असतील की!”

मी हो म्हणाले, आणि त्यांना कुठं उतरायचंय ते विचारलं.