ग्रहणकाकीच्या डोक्यातलं पाणी

आमच्या आचऱ्यात कुणाचं काहीही बिघडलं की शेजारची काकी त्यामागचं ग्रहण शोधून काढी. होडीचं मशीन बंद पडो की नारळ गळोत, कुणीतरी ग्रहणात काहीतरी केलेलं असायचंच. म्हणून ती ग्रहणकाकी. स्वतः मात्र ग्रहणातही बाजारात मासे विकायला बसे. "धंद्याक ग्रहण लागना नाय," हा तिचा खुलासा.

तिची नात जन्मली आणि पोरीचं डोकं वाढत चाललं. काकीने ओटीवरूनच निदान जाहीर केलं, "सुनेन ग्रहणात बांगडे कापल्यान, म्हणान चेडवाच्या डोक्यात पाणी भरला." ते बांगडे सुनेपुढे कुणी ठेवले होते, हे मात्र तिला आठवत नसे. सून सुमन मान खाली घालून पोरीला मुंबईला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. मेंदूत पाणी रोज तयार होतं, वाहतं आणि रक्तात जिरतं. हिची वाट जन्मतःच अरुंद. काहींची वाट मोकळी असते, पण मेंदूज्वरानंतर किंवा रक्तस्रावानंतर पाणी जिरत नाही. कधी म्हातारपणीही साचतं. मग पाय जमिनीला चिकटतात, विसर पडतो, लघवी आवरत नाही. पोरीच्या डोक्यातून पोटात नळी घातली आणि पोरगी वाचली. सुमन परतल्यावर काकीने तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. "ता खरा. पण वाट अरुंद झाली कित्याक? ग्रहणान!" पोर शाळेत जाऊ लागली तरी हे चालूच होतं.

मग काकीचेच पाय उंबऱ्यात अडू लागले. ती एकच पापलेट दोघींना विकू लागली, लुगडं ओलं होऊ लागलं. सगळे म्हणाले, वय झालं. सुमन तेवढी म्हणाली, "ह्या वय न्हय, पाणी आसा," आणि हट्टाने सासूला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबतीला मी होतो. तपासणीत पाणीच निघालं.

"डॉक्टर, मी खंयच्या ग्रहणात काय कापलंय?" काकीने विचारलं.

"ग्रहणाचा काही संबंध नाही, आजी. या वयात पुष्कळदा कारण सापडतच नाही."

काकी सुमनकडे बघत राहिली. ग्रहणाशिवायचं उत्तर तिने मानलेलं मी प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

नळी बसली, काकी चालू लागली. पुढच्या सूर्यग्रहणाला सगळी वाडी दारं लावून आत बसली होती. काकीने भर अंगणात विळी मांडली आणि बांगडे कापायला घेतले.

"काकी, ग्रहण आसा!" मी खिडकीतून ओरडलो.

"आसांदे! सगळ्यांका सांग, माझ्या सुनेन कायच करूक नाय. सुमन, ये गो, भायर ये."

सुमन बाहेर आली. सासूच्या शेजारी बसून, मान वर करून, तिने बांगडे कापले.