भोपळ्याचे केस आणि दादाचा श्वास

तिला सगळी गल्ली कात्रीताई म्हणते. खाली तिचं केस कापायचं दुकान, वर राहतं घर, आणि मधल्या जिन्यावर दोन्हीकडचे केस. लग्न तिने केलं नाही. कोणी कारण विचारलंच तर म्हणायची, "माणसं खुर्चीत बसलेली असतात तेवढा वेळच बरी वाटतात." जनावरांना मात्र हा नियम लावायला ती साफ विसरली. घर सोडून गेलेल्या एका भाडेकरूने मागे ठेवलेला भोपळा नावाचा पिवळा, गुबगुबीत कुत्रा तिच्याकडे. दुकानाच्या पायरीवर येऊन बसलेला आणि बघता बघता घराचा मालक झालेला शेठ नावाचा बोका तिच्याकडे. शिवाय एक म्हातारी मांजर, जिला नाव नव्हतं, कारण ती कोणत्याच हाकेला ओ देत नसे. केसांवर पोट भरणाऱ्या बाईच्या घरात केस असायचेच, असं म्हणून ताई सकाळ-संध्याकाळ झाडू मारी. केस उडत, हवेत एक चक्कर मारून येत आणि पुन्हा आपापल्या जागी बसत.

असंच चाललं असतं, पण दादाच्या छातीने दगा दिला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा ही शाळेत होती आणि त्याला नुकती मिसरूड फुटत होती. फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासून घासून त्याने तिला वाढवलं. तिची पहिली कात्री त्यानेच आणली आणि त्या कात्रीने तिने पहिल्यांदा कापले ते केसही त्याचेच. इतके वाकडे कापले की बिचारा कितीतरी दिवस टोपी घालून कामावर गेला, पण कोणाला कारण कळू दिलं नाही. त्या कारखान्यातला भुसा त्याच्या छातीत जाऊन बसला तो बसलाच. आता दवाखान्यातून सोडायची वेळ आली तेव्हा छातीच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बजावलं, "यांना एकटं ठेवायचं नाही. तुमच्याकडे न्या. पण घरात जनावरं आहेत म्हणता. एक तर ती दुसरीकडे द्या, नाहीतर यांच्या खोलीत त्यांना पाऊल टाकू देऊ नका आणि बाकीच्या घरात केस, धूळ उडू देऊ नका. झाडू तर विसराच."

खाटेवर डोळे मिटून पडलेला माणूस झोपलेला असतो हा डॉक्टर लोकांचा एक गोड गैरसमज आहे. दादाने सगळं ऐकलं होतं.

"माझ्यापायी त्या मुक्यांना घराबाहेर काढणार असशील, तर मी येत नाही," तो म्हणाला.

"मग जाशील कुठे?"

"माझी खोली आहे की."

ती खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. बोलता बोलता त्याला तीनदा थांबून श्वास घ्यावा लागला, तरी शब्द काही मागे घेतला नाही. ताईला रागही आला आणि भरूनही आलं. जनावरं राहिली पाहिजेत आणि दादाही आला पाहिजे, दोन्ही जमलं नाही तर हा माणूस खरोखरच ते जिने चढायला जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती यंत्रांच्या दुकानात गेली. एका काखेत गालिच्याचा तुकडा, दुसऱ्या हातात पिशवी. विक्रेता व्हॅक्यूम क्लीनरच्या ताकदीचे आकडे सांगू लागला तेवढ्यात तिने गालिचा जमिनीवर पसरला आणि पिशवीतून भोपळ्याचे आणि शेठचे केस मूठ मूठ काढून त्यावर टाकले, चपलेने चांगले घासले. न कापता कात्री घेतली नाही आयुष्यात, मग हे यंत्र न चालवता कशाला घ्यायचं? हातच्या कांकणाला आरसा कशाला?

हे पाहून विक्रेत्यालाही चेव आला. एकामागून एक यंत्र त्याने त्या गालिच्यावर फिरवलं. ताईने प्रत्येक यंत्र एका हाताने उचलून पाहिलं, कारण कात्री धरून धरून तिचं मनगट कामातून गेलं होतं. बटण अंगठ्याने दाबलं जातं का, वायर आपोआप आत जाते का, नळी दुमडली तर चिरते का, ब्रश झिजला तर नवा मिळतो का, सगळं खोदून खोदून विचारलं. शेवटी एका यंत्रापाशी ती थांबली. त्याला पारदर्शक डबा होता. ओढलेले केस त्या डब्यात गरगर फिरताना दिसत होते. लहान मुलाने भोवऱ्याकडे बघावं तशी ती बघत राहिली. "हेच," ती म्हणाली.

घरी आणलं, सुरू केलं, आणि अर्ध्या गालिच्यातच डबा भरला. ताई मटकन खाली बसली. सकाळी तर झाडलं होतं. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ झाडत होते, मग ते काय करत होते मी? डब्यात नुसते केस नव्हते. पिठासारखी करडी, मऊ धूळ होती, इतकी बारीक की बोटाला लागली तरी जाणवेना. आपण यात झोपत होतो, यात जेवत होतो, आणि हीच धूळ दादाच्या छातीत जाणार होती. ज्या घराचा कोपरा न् कोपरा आपल्याला माहीत आहे असं तिला वाटायचं, त्या घराच्या पोटात एवढं काही दडलेलं असावं याचं तिला विलक्षण नवल वाटलं.

मग ब्रश अडकला. आतला रूळ फिरेचना. ताईने भोपळ्याला एक शिवी हासडली, यंत्र उलटं केलं आणि रुळाला गुंडाळलेला दोर कात्रीने कापून बाहेर काढला. दोर काळा होता, हातभर लांब. भोपळा पिवळा, शेठ पांढरा, म्हातारी करडी. हे केस होते ताईचे स्वतःचे, आणि खालच्या दुकानातून तिच्या कपड्यांना, चपलांना चिकटून वर आलेले गिऱ्हाइकांचे. यंत्राची परीक्षा घेताना तिने जनावरांचे केस नेले होते, माणसांचे न्यायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते काही उगाच नाही. तिने भोपळ्याची मनापासून माफी मागितली. त्याने शेपूट हलवलं, पण तो ते शिवी दिल्यावरही हलवतो.

डबा रिकामा करायला ती गॅलरीत गेली. झाकण उघडलं मात्र, वाऱ्याने सगळी धूळ उचलली आणि परत घरात आणून टाकली. दाराच्या उन्हात ती धूळ सावकाश खाली उतरत होती, दिसायला फार सुंदर. ताईला खोकला आला. तिची छाती धडधाकट होती, तरी खोकला आला. दादा आत असता तर?

दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन दुकानात हजर.

"काय झालं, ताई? तुम्हाला तर हेच आवडलं होतं," विक्रेता म्हणाला.

"मला बघायची हौस म्हणून घेतलं हो. त्याला श्वास घ्यायचाय."

या वेळी तिने पिशवीवालं यंत्र घेतलं. पिशवी बाहेर काढली की तिचं तोंड आपोआप बंद होतं आणि आतलं कणभरही बाहेर येत नाही. या वेळी गालिच्यावर तिने आपल्या दुकानातले लांब केसही टाकले. रूळ एक खिट्टी सरकवली की निघत होता, गुंडाळलेले केस बोटांनीच ओढून काढता येत होते. यंत्र दिसायला अगदीच सामान्य होतं. त्यात काही दिसतही नव्हतं.

मग तिने स्वतःलाही शिस्त लावली. दुकानातली चप्पल खाली, वरची वर. जिन्यात कपड्यांवर ब्रश फिरवायचा आणि डोक्याला रुमाल बांधूनच घरात शिरायचं. दादासाठी तयार केलेल्या खोलीच्या दाराशी शेठने उपोषण केलं, पण ते दार उघडलं नाही.

दादा आला. जिन्यावर थांबत थांबत वर पोचला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. घर इतकं स्वच्छ होतं की त्याचा चेहरा उतरला.

"काढलंस ना त्यांना?" तो म्हणाला आणि खरोखरच जायला वळला.

तेवढ्यात टेबलाखालून भोपळा आळस देत बाहेर आला. मागोमाग शेठ. म्हातारी आली नाही, पण तिचं शेपूट सोफ्याखालून दिसत होतं. दादाने तिन्ही बघितली, मग बहिणीकडे बघितलं, आणि चपला काढल्या.

असेच दिवस गेले. एका सकाळी पिशवी भरली म्हणून ताईने ती बाहेर काढली. चांगली जड लागली. आत काय काय असेल? तिने ती चाचपली, कानाशी नेऊन हलवली, उजेडात धरली, दोन्ही हातांत तोलून पाहिली. दादा खोलीच्या दारातून हे सगळं बघत होता.

"कात्रीताई," तो म्हणाला, "एवढा जीव जात असेल तर फाडून बघ. पण रस्त्यावर जाऊन फाड, आणि आधी भोपळ्याला विचार, त्याचा माल आहे."

आणि तो हसू लागला. ताईने सवयीने पिशवी टाकली आणि पाण्याचा पेला उचलला. कारण कितीतरी वर्षांत दादाचं हसणं कधी पुरं झालंच नव्हतं. सुरू व्हायचं, मध्येच खोकला त्याला गिळायचा, आणि मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायचं. ती पेला घेऊन तयार उभी राहिली. दादा हसत होता, खांदे हलवत हसत होता, हसता हसता त्याने डोळे पुसले, मग हसू हळूहळू ओसरलं, त्याने एक मोठा श्वास घेतला, आणि संपलं. खोकला आलाच नाही.

आपल्या भावाचं हसणं शेवटी कसं थांबतं, हे ती विसरूनच गेली होती. पेला हातात तसाच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस?" दादा म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली. "परत हस बघू."