कातळाचा आवाज ऐकणारा

तमाम जनतेस गांभीर्याने कळवण्यात येते की, ब्याऐंशी सालच्या सुमारास मी पावस गावाजवळ दोन एकर कातळ घेतला आणि सासुरवाडीने मला वेड्यात काढलं. तिथे हापूस जगवणं हा आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता.

खड्डे खणायला आलेल्या म्हाताऱ्याने मी आखलेल्या रांगांकडे पाहिलंही नाही. तो पहारीने जांभा दगड ठोकायचा, मान तिरकी करून ऐकायचा. पोकळ आवाज आला की खाली माती आहे असं समजून तिथे चुन्याची फुली मारायचा. टणक आवाजावर नुसता चुकचुकायचा.

आज त्या वेड्यावाकड्या बागेतली पहिली पेटी सासुरवाडीलाच जाते. मेहुणा झाडांच्या रांगांना नावं ठेवतो, तेव्हा मला ती दुपार आठवते. मी नकाशा फडकावत म्हणालो होतो, “बाबा, रांग चुकतेय.”

म्हाताऱ्याने पहार टेकली. “भाऊ, कलमं जगवायची हायत की त्यांची कवायत घ्यायची हाय?”