डी ड्राइव्हमधली दुसरी पत्रिका

फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर बाबा जन्मपत्रिका करू लागले. जबलपुरातल्या मराठी घरांत कोणाचं लग्न निघालं की आधी आमच्याकडे फोन. त्यांचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ९८वर चालायचं आणि मला हवं होतं एक्सपी, म्हणून एकाच कंप्युटरमध्ये दोन्ही नांदत होते. पत्रिका डी ड्राइव्हमध्ये असायच्या, तो दोघांनाही दिसायचा.

त्या डीची मी वाट लावली. मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात जाईना, कारण ड्राइव्हची जुनी मांडणी चार जीबीहून मोठी फाईल घेतच नाही. मग एक्सपीत बसून मी मांडणी बदलली, एनटीएफएस करून टाकली. ९८ला ती वाचता येत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, पण डोक्यात आलं तर ना. मी प्रेमात होते.

आठच दिवसांपूर्वी घरी सांगितलं होतं, विजय नगरचा मुलगा आहे, आपल्यातलाच. बाबा एवढंच म्हणाले, "पत्रिका पाहू." त्यांचा कायदा कडक होता. दोघांची नाडी एक निघाली की नकार, मग समोर कोणी का असेना. मी दोनदा ग्वारीघाटला जाऊन नर्मदेत दिवे सोडून आले.

रविवारी अकराला त्याचे आईवडील यायचे होते. दहाला बाबांनी ९८ चालू केलं.

"डी कुठं गेला? काहून हात लावते तू माझ्या कामाला?"

मला हसू फुटलं. घाबरले की मी हसते, ही जन्माची खोड. "पाच मिनिटं द्या, बाबा." ते तणतणत चहाला गेले.

एक्सपीतून डी उघडला. सगळ्या पत्रिका जागच्या जागी होत्या. सी ड्राइव्ह अजून जुन्याच मांडणीचा होता, म्हणजे तिथे कॉपी केल्या की ९८ला दिसणार. त्याचं नाव शोधलं तर दोन फायली निघाल्या. साध्याच फायली, नोटपॅडमध्ये उघडल्या. पहिली त्याच्या आईनं कित्येक वर्षांपूर्वी करून घेतलेली. जन्म पहाटे पाच दहा, नाडी माझीच. दुसरीत करून घेणाऱ्याचं नावच नव्हतं. जन्म पाच तीस, नाडी वेगळी, माझ्याशी सव्वीस गुण. फाईल चार महिन्यांपूर्वीची होती. चार महिन्यांपूर्वी मी घरी त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

मी खुर्चीसकट गोल गिरकी घेतली, मग आणखी एक घेतली. इतका आनंद मला त्या मुलानं होकार दिला तेव्हाही झाला नव्हता, खरं सांगते. मग कॉपीला लागले.

बाबा परत आले, तोवर मी ९८ लावून ठेवलं होतं. त्यांनी यादी वरून खाली पाहिली, पुन्हा वर गेले.

"याच्या दोन होत्या."

"एकच आणली. पाच तीसवाली. जुनी डीमध्येच राहिली, ९८ला ती आता कधीच दिसणार नाही."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे काही पाहिलं नाही.

"अच्छा," ते म्हणाले. "चलो, प्रिंटर लाव. येतच असतील ते लोक."