गच्चीवरून दिसलेलं विमान

रॉकेलचा वास आला की ती सकाळ आठवते. दुपारी दिल्लीत शिष्यवृत्तीची मुलाखत होती आणि मी पहिल्यांदाच विमानात बसलो होतो. धावपट्टीकडे जाताना इंधनाचा रॉकेलसारखा वास आत आला आणि विमान मध्येच थांबलं. पुढचं चाक वळत नव्हतं, आता ट्रॅक्टरने मागे ओढून नेणार होते आणि पुढचं विमान थेट संध्याकाळी होतं. तेवढ्यात विमानतळाजवळच्या मरोळमधल्या आमच्या घरून आईचा फोन आला. "उडालं ना रे? गच्चीवरून आम्ही सगळ्यांनी टॉवेल हलवले." मी म्हणालो, "आई, ते दुसरं कुठलं तरी. मी अजून खालीच आहे. मुलाखत गेली." ती म्हणाली, "मग घरी ये ना, जवळच तर आहेस. भात टाकते." मी बरं म्हणालो आणि पट्टा तसाच लावून बसून राहिलो. आता कॉलेज संपत आलंय, पण तेव्हा मला रडू का आलं नाही, हे अजून नीट सांगता येत नाही.