भाचीसाठी ग्रीक नाव

रविवार, बारा जानेवारी, सकाळचे अकरा. ठिकाण: मुकुंदवाडीतलं माझं माहेर, पुढची खोली. हजर: बाबा, माझा धाकटा भाऊ, भावजय, तिच्या मांडीवर झोपलेली दोन महिन्यांची भाची आणि मी. गैरहजर: माझे यजमान. ते वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवतात, त्यामुळे रविवारी त्यांना सुटी नसते. फोन चालू ठेवा, एवढं सांगून ठेवलं होतं.

ऑफिसातल्या बैठकांचं इतिवृत्त मीच लिहिते. घरातही लिहून ठेवलेलं बरं पडतं, कारण आमच्याकडे कोण काय बोललं हे दुसऱ्या दिवशी बदलतं.

विषय एकच होता. पुढच्या रविवारी नामकरण. भंतेजींना निरोप गेला होता, मंडपवाल्याला सांगून झालं होतं, पाळणा पुसून ठेवला होता, जेवणात वांग्याची भाजी की मटकी हा वादही मिटला होता. सगळ्यावर बरोबरच्या खुणा. फक्त नाव नव्हतं. आमच्यात कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे ती अडचण माझ्या नावावर लिहिलेली.

भावजयीला ग्रीक नाव हवं होतं. भावाला वाटत होतं, हे इंटरनेटवर पाहून आलेलं खूळ आहे. तसं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला ती पुण्यात भाड्याची खोली शोधत होती. घरमालक बाई आधी नाव विचारायच्या, मग आडनाव, मग गाव कोणतं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत खोली दुसऱ्या कोणाला तरी दिलेली असायची. तिचं नाव पालीतलं, आमच्या घराघरात असतं तसं. बऱ्याच जणींना पुढचं विचारायचीही गरज पडली नाही.

"ताई, मला एवढंच पाहिजे," ती म्हणाली. "पहिल्या प्रश्नाला तरी कोणाला काही कळू नये."

बाबांचं म्हणणं उलट होतं. त्यांच्या वडिलांना गावानं कचऱ्यावरून नाव दिलं होतं आणि जन्मभर त्याच नावानं हाका मारल्या. धम्म स्वीकारल्यावर घरात पहिला फरक पडला तो नावांत. आम्हा भावंडांची नावं बाबांनी अर्थ विचारून, चार माणसांना दाखवून ठेवली.

"नाव काय लपायला ठेवतेत का?" ते म्हणाले. "अन् आधी अर्थ सांगा. अर्थाबिगर नाव मी तोंडात घेणार नाय."

ग्रीक म्हटल्यावर ते बिचकतील असं भावाला वाटलं होतं, पण बाबा उलट खुर्चीत सरसावून बसले. "ग्रीकचं मला काय सांगता? मिलिंद कोण होता? ग्रीक राजाच की. नागसेनाला प्रश्न विचारून विचारून दमला अन् शेवटी आपला झाला. आपल्या गल्लीत चार मिलिंद हायेत, चारी ग्रीक."

"बाबा, मुलगी आहे," भाऊ म्हणाला.

"व्हय, ते राहिलंच."

मी वही उघडली. भावजयीनं पाठवलेल्या नावांचे मी चार रकाने केले होते: नाव, उच्चार, अर्थ, शेरा.

पहिलं थिओडोरा. अर्थ, देवाची देणगी. बाबांनी लगेच हात आडवा केला. "देवानं दिली म्हणता, मग हिच्या आईनं नऊ महिने काय केलं?" थिया, डोरोथी, जिथं जिथं देव निघाला ती सगळी नावं गेली. त्यांत बराच वेळ वाचला.

सोफिया. अर्थ, प्रज्ञा. बाबा एकदम खूश. पण भाऊ म्हणाला, "खालच्या मजल्यावरच्या खालांची नात सोफियाच आहे. त्या काय म्हणतील? 'हमारी नवासी का नाम उठा लिए क्या?'" भावजयीनं मान हलवली. "मग तर पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळतंय, चुकीचं का होईना." या शहरात नाव कुठलंही आणा, ते कोणत्या ना कोणत्या मोहल्ल्यात जाऊन बसतंच, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

आयरीन. अर्थ, शांती. "मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर," भाऊ म्हणाला. शेरा: नको.

नायकी. अर्थ, विजय. सगळ्यांनी दारातल्या भावाच्या बुटांकडे पाहिलं.

मेलिसा म्हणजे मधमाशी. "चावंल," बाबा म्हणाले.

क्लोई म्हणजे कोवळा कोंब. हे भावजयीला मनापासून आवडलं होतं. बाबांनाही अर्थ पटला. पण माझी एक अट आहे: नाव आधी गॅलरीतून हाक मारून बघायचं. मूल खाली खेळत असणार, आपण पोळ्या करत असणार, तेव्हा ते नाव रस्त्यापलीकडे पोचलं पाहिजे. भाऊ गॅलरीत गेला आणि ओरडला, "क्लोईऽऽ". खाली भाजीच्या गाडीवाल्यानं वर बघून विचारलं, "किती किलो देऊ, साहेब?" शिवाय उच्चार नक्की कोणता, हेही ठरेना. एका व्हिडिओत क्लोई, दुसऱ्यात क्लोए, तिसऱ्यात बाई नुसतं क्लो म्हणून थांबत होत्या.

"पाहुण्यांना फोन लाव," बाबा मला म्हणाले. बाबांच्या भाषेत पाहुणे म्हणजे जावई. "जगभरची माणसं असतेत त्यांच्याकडं."

यजमान लेण्यांबाहेर गटाला चहा पाजत होते. योगायोग असा, की त्या दिवशीच्या गटात ग्रीसच्या एक शिक्षिका होत्या. मी यादी यजमानांना पाठवली. ती फोनवर पाहून त्या आधी हसल्या. मग एकेक नाव सावकाश म्हणून दाखवलं. आम्ही फोन मोठ्या आवाजावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. क्लोई नव्हे, ख्लोई, आणि तो ख घशातून. फीबी नव्हे, फीवी. ज्याला आम्ही आयरीन म्हणत होतो ते त्यांच्याकडं कोणी तसं म्हणतच नाही. ते इरिनी. जोर 'री'वर.

"मामा, ऐकू आलं का?" यजमान मधूनमधून बाबांना विचारत होते.

"लई साफ," बाबा म्हणाले. "बाई शिकवणारी दिसतीय."

मग त्या बाईंनी विचारलं, एवढी यादी कशासाठी? यजमानांनी सांगितलं, मुलीचं नाव ठरवायला सगळं घर बसलंय आणि नाव आत्या सांगणार आहे. त्या जे म्हणाल्या ते यजमानांनी मराठीत सांगितलं: "त्या म्हणतात, आमच्याकडे यादी करावीच लागत नाही. पहिल्या मुलीला बहुधा तिच्या वडिलांच्या आईचं नाव देतात. त्यांचं स्वतःचंही आजीचंच आहे. त्या विचारतायत, हिच्या आजीचं नाव काय?"

 आई जाऊन बरीच वर्षं झाली. भावजयीनं तिला भिंतीवरच्या फोटोतच पाहिलंय. आईच्या नावाचा अर्थ माझ्या वहीतच होता, नको असा शेरा मारलेल्या ओळीत.

बाबांनी तो आपणहून सांगितला. "तिच्या नावाचा अर्थ शांतीच की. नाव तसं, अन् जन्मभर मला शांत बसू दिलं नाय." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "काय म्हणाल्या त्या बाई? पुन्हा सांग."

"इरिनी," भावजय म्हणाली.

"इरिनी. इरिनी." दोनदा म्हणून झाल्यावर बाबा उठले, गॅलरीत गेले आणि खाली रस्त्याकडे तोंड करून त्यांनी खणखणीत हाक मारली. भाची दचकून जागी झाली आणि रडायला लागली.

"बाबा, ती आत आहे," भाऊ म्हणाला.

"ठाव हाय मला. पोचतंय का बघत होतो."

मी भावजयीला विचारलं, मिशनच्या सिस्टरचं काय? ती म्हणाली, "आयरीनचं ओळखतील. इरिनी कोणाला ओळखू येत नाही, ताई." मी शेरा खोडला.

नामकरण छान झालं. त्रिशरण-पंचशील झाल्यावर बायकांनी पाळणा म्हटला. मी वाकले तर भावजय माझ्या मागून कुजबुजली, "'री'वर जोर द्या." मी दिला. जेवताना प्रत्येकानं विचारलं, कुठलं नाव म्हणे हे? बाबा पंगतीत फिरून सांगत होते, "ग्रीक. म्हणजे तिच्या आजीचं." लोक मान हलवून पुढचा घास घेत होते. एका मावशींना ते दक्षिणेकडचं वाटलं, एका काकांना बंगाली. भावजय ताटं वाढताना हे ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या जात नव्हतं. पहिल्या प्रश्नाचं काम झालं होतं.

त्यानंतर महापालिकेचा अर्ज आला. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव घालायचं होतं. भावजयीनं मोठ्या, नीट अक्षरात इरिनी लिहिलं. पुढे वडिलांचं नाव लिहिलं. आडनावाशी तिचं पेन थांबलं.

"लिही की," बाबा म्हणाले. "मी ते कधी लपवलं नाय."

"मी पण लपवत नाही, बाबा. मोठी झाल्यावर तिचं तिला लिहू दे."

"अन् तवर काय, पोरगी नुसत्या बापाच्या नावावर?"

"बरेच जण तसं ठेवतात आता," भाऊ हळूच म्हणाला.

"बरेच जण सोड. ज्या आडनावानं शाळेत मला दाराबाहेर बसवलं, त्याच आडनावानं मी पेन्शन घेतो."

भावजयीनं पेनाला टोपण लावलं. बाबांनीही पुढं ताणलं नाही. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि "इरिनीबाय" असं काहीतरी सुरू केलं. ग्रीसच्या बाईंनी ते ऐकलं असतं तर उच्चार तपासून दिला असता. चहा झाला. दोघंही बरोबर आहेत, असं मला वाटतं, पण तसं इतिवृत्तात लिहिता येत नाही.

अर्ज माझ्याकडे दिलाय, कारण महापालिकेची खिडकी माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. घरपट्टी भरायला मी तिथं जाऊनही आले. नावाचा अर्ज पर्समध्येच आहे आणि आडनावाचा रकाना अजून कोणी भरलेला नाही.