तुळसाबाईचं छत

तुळसाबाई इतकी वर्षं भासऱ्याशी बोलली नव्हती. भांडण नव्हतं. आमच्याकडं नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात, आणि धाकट्याच्या बायकोनं त्याच्यासमोर तोंड उघडायचं नसतं. पदर नाकापर्यंत, आवाज चुलीपर्यंत. आताच्या सुना भासऱ्याला मोबाइलवर फोटो पाठवतात. पण तुळसाबाई ज्या काळात या घरात आली त्या काळाचं वळण तिच्या अंगाला चिकटलं, ते चिकटलंच.

वारासिवनीहून कटंगीकडं जाताना आमचं गाव लागतं. त्यात हे घर. घर एक, भाग दोन. रस्त्याकडचा भाग तुळसाबाईचा. तिचा नवरा वसंता राइसमिलमध्ये पोती वाहायचा. त्यानं हौसेनं छपराचे कवेलू उतरवून वर स्लॅब टाकला, आणि त्याच साली गेला. मागचा भाग भासऱ्याचा, म्हणजे चैतरामचा. तिथं अजून कवेलूच. मधे आंगण, आंगणात विहीर, विहिरीपाशी बांधलेली एक काळी बकरी. चैतरामची बायको कधीच वारली. पोरगा हिरालाल दुर्गला कारखान्यात. तुळसाबाईला लेकरू झालं नाही. असे दोघं उरले. धान त्याचं, चूल हिची.

घर म्हटलं की बोलावं लागतं. वसंता होता तोवर निरोप त्याच्या तोंडून जायचे. तो गेल्यावर ते काम बकरीकडं आलं.

"सांग वं काळे," चैतराम ओसरीवरून म्हणायचा, "वरण पातळ झालं म्हणा."

"काळे, त्यायले सांग," ही चुलीपुढून, "तोंडात दात किती राह्यले ते पाहा म्हणा, मंग घट्ट वरण मागा."

बकरी पाला खात राहायची. जाणारेयेणारे हसायचे. दोघांपैकी कोणीच हसत नव्हतं. दिवसाचं बोलणं ते तेवढंच.

चैतरामला दमा होता. दवाखान्यातून त्याला वाफेची मशीन मिळाली. तोंडाला लावली की छाती मोकळी व्हायची. पण मशीन चालते विजेच्या लाईनवर, आणि आमच्याकडं जरासा वारा सुटला की लाईन गेलीच समजा. यंदा श्रावणात अशी गेली की दोन दिवस आली नाही. चैतराम विहिरीच्या कठड्याला धरून भात्यासारखा श्वास ओढत होता. तुळसाबाई ओसरीच्या खांबाआड उभी. जवळ जाऊन पाठ चोळावी तर ते होत नाही, बोलून धीर द्यावा तर तेही नाही. शेवटी ती अनवाणी पळत शेजारच्या रुख्माबाईकडं गेली, "माय, चाल वं, त्यायचा जीव चालला." रुख्माबाईनं ऑटो आणला, चैतराम दवाखान्यात पोचला म्हणून वाचला.

हिरालाल आला. म्हणाला, "दसऱ्यापर्यंत लाईनची काही सोय झाली तं ठीक. नाही तं मी बाबाले दुर्गले घेऊन जातो. काकू, तू आपली राह्यजो अठी."

"हौ," तुळसाबाई म्हणाली आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. तांदूळ आदल्या दिवशीच निवडून झाला होता. चैतराम गेला की घरात ती आणि बकरी, आणि बकरीला सांगायला काही नाही. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सोय निघाली ती वारासिवनीच्या प्रीतमकडून. त्याचं सोलरचं दुकान. छतावरच्या प्लेटांवर सरकारची सूट होतीच. औंदा घरात बसवायच्या बॅटरीवरही सूट निघाली होती. दिवसा ऊन खायचं, लाईन गेली की बॅटरीनं घर चालवायचं. सूट सोडून उरलेलं हिरालाल भरणार होता. प्रीतमनं घर पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"कवेलूवर प्लेटा नाही बसत. स्लॅब काकूचा, मीटर बाबाच्या नावचं. तं छतवालीनं कॅमेऱ्यापुढं बोलून हौ म्हणाव लागते. दोघंही एकाच व्हिडिओत पाह्यजे, तोंड उघडं. अंगठा नाही चालत. लोकायनं लय घोटाळे केले."

तुळसाबाईनं पाहायला आलेल्या रुख्माबाईला खांबाआड ओढलं.

तिच्या कानात सांगितलं, रुख्माबाईनं मोठ्यानं: "ते म्हणते, मी आतून बोलतो, तू बाहेरून काढ."

"काकू, हा रेडिओ नाही."

"मंग म्हणते, रुख्मा बोलन माह्याकडून."

हे सांगताना रुख्माबाईच उसळली, "मी काहून बोलू? माह्या बापानं टाकला का तो स्लॅब?"

तोड चैतरामनंच काढली. तो उठला, कॅमेऱ्यापुढं उभा राहिला, दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे गच्च मिटले. त्यानं ऐकलं नाही, पाहिलं नाही, म्हणजे ती त्याच्यासमोर बोललीच नाही. सगळ्यांना ते पटलं. तुळसाबाईनं पदर कपाळापर्यंत सरकवला, मोबाइलकडं तोंड करून भराभर बोलली, "मी तुळसाबाई, छत माह्यं, प्लेटा बसवा, माही ना नाही," आणि आत पळाली. प्रीतम खूश. रुख्माबाईनं चहा केला.

आठवड्यानं प्रीतम तोंड पाडून आला. व्हिडिओ परत आला होता. वरच्या ऑफिसातल्या साहेबाचा आवाज त्यानं मोबाइलवर ऐकवला: "ये बाबा कान में उँगली डालके क्यों खड़े हैं? अम्मा बोल रही हैं और ये सुनना नहीं चाहते? झगड़ा है क्या घर में? दुबारा भेजो."

"परवा शेवटची तारीख हाये," प्रीतम म्हणाला. "बाबा, कान उघडे ठेवा लागन."

चैतराम बकरीकडं वळला. "काळे, तिले सांग, राहू दे म्हणा. या वयात तिची मर्यादा मोडून मले हवा नाही पाह्यजे. मी जातो दुर्गले. कपडे भरतो."

तो उठून आपल्या भागात गेला. आतून पेटीची कडी वाजली.

तुळसाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं लाकडं मागं ओढली, हात लुगड्याला पुसले आणि बाहेर आली. पदर डोक्यावर होता, नाकावर नव्हता.

"काढ तुहा मोबाइल," ती प्रीतमला म्हणाली. "अन् त्यायले बलाव."

चैतराम दारात आला. हात कुठं ठेवावे ते त्याला सुचेना, म्हणून धोतराचा सोगा धरून उभा राहिला. ती त्याच्यापासून चार हातांवर उभी राहिली आणि मोबाइलकडं पाहून बोलली. या वेळेस भराभर नाही.

"मी तुळसाबाई. हे छत माह्या मालकानं टाकलं, आता माह्यं हाये. त्याच्यावर प्लेटा बसवा, बॅटरी यायच्या घरात लावा. माही ना नाही. अन् यायनं दुर्गले नाही जावं. एवढ्या घरात एकटीनं कसं राहाव?"

"काकू," प्रीतम हळूच म्हणाला, "ते शेवटचं नाही लागत."

"राहू दे. लागते."

व्हिडिओ पास झाला. दसऱ्याआधी माणसं येऊन छतावर निळ्या प्लेटा ठोकून गेली, चैतरामच्या भिंतीवर पांढरी पेटी टांगून गेली. हिरालालनं फोनवर बापाला सांगितलं, आता राहा. चैतराम राहिला.

बायका नळावर बोलल्या. "भासऱ्यापुढं उघड्या तोंडानं, म्हणे!" रुख्माबाईनं दोघीतिघींना झापलं, मग ते थांबलं. पण घरात वेगळंच झालं. चैतराम सकाळी ओसरीवर बसायचा, बकरीकडं पाहायचा, ओठ हलायचे आणि मिटायचे. जिचा आवाज समोरासमोर ऐकला, तिला बकरीच्या तोंडून काय सांगायचं? आणि सरळ बोलायचं तर ते त्याला कधी आलं नव्हतं. वरण पातळ झालं, घट्ट झालं, मुद्दाम खारट झालं. तिकडून अवाक्षर नाही. ताट उंबऱ्याआत ठेवलेलं असायचं, धुऊन परत यायचं. माणूस घरात होता, आणि घर आधी कधी नव्हतं इतकं गप्प होतं.

एका संध्याकाळी लाईन गेली. सारा मोहल्ला काळा झाला. या घरात मात्र दोन्ही भागांत बल्ब जळत होते, आणि मागून मशीनची घुर्रघुर्र येत होती. तुळसाबाईनं ताट वाढलं, आंगण ओलांडून त्याच्या दाराशी गेली. त्याची पाठ तिच्याकडं होती. ताट गरम होतं, हाक मारावी असं तिला वाटलं.

पण काय म्हणून? वसंता त्याला दादा म्हणायचा, हिरालाल बाबा, गाव चैतराम. तिला त्याच्यासाठी शब्दच कोणी दिला नव्हता. ती ताट धरून तिथंच उभी राहिली. बोटं भाजायला लागली तशी म्हणाली,

"जेवण आणलं."

आत त्यानं मशीन बंद केली. त्यानं वळून पाहिलं नाही.

"हौ," तो म्हणाला. "ठेव."

तिनं ताट ठेवलं, आपल्या भागात आली, आणि बल्बखाली एकटी बसून जेवली.